दहा बाय बाराच्या आतला इतिहास

मुंबईच्या जुन्या इमारती बघायला हल्ली बरेच लोक येतात. सुट्टीच्या दिवशी सकाळी पंधरा-वीस जणांचा घोळका, पुढे माहिती सांगणारा एखादा तरुण, आणि सगळ्यांच्या माना वर. कमानी बघा, सज्जे बघा, दगडात कोरलेली फुलं बघा. २०१८ मध्ये युनेस्कोने मुंबईच्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींना जागतिक वारशाच्या यादीत घेतलं, तेव्हापासून हा उत्साह आणखी वाढला. चांगली गोष्ट आहे. पण ही सगळी ओळख बाहेरून होते. डोंगरी, भेंडी बाजार, मदनपुरा, नायगाव, वरळी इथल्या शंभर-शंभर वर्षांच्या इमारतींत जी माणसं राहिली, त्यांनी आत काय केलं, पलंग कुठे ठेवला, मोरी कुठे काढली, पडदा कुठल्या खिळ्याला बांधला, याचा इतिहास कुणी लिहीत नाही. इमारत बघायला मान वर करावी लागते, घर बघायचं तर चप्पल काढावी लागते, हे त्याचं एक कारण असावं.

मी हे लिहायला बसले त्याला निमित्त आहे. डोंगरीत आमच्या कुटुंबाची एक खोली आहे. आजोबा रत्नागिरी जिल्ह्यातून आले, आगबोटीवर खलाशी होते. वर्षातले कितीतरी महिने समुद्रावर जायचे, पण पत्ता या खोलीचा. आता ती इमारत पुनर्विकासात जाते आहे. मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते, इतिहास हा माझा विषय नाही. पण खोली जाणार म्हटल्यावर ती तशी का होती, हे शोधावंसं वाटलं, आणि शोधता शोधता फार मागे जावं लागलं. थेट प्लेगपर्यंत.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचा रुग्ण ओळखला, आणि मुंबईच्या गरिबांच्या खोलीत सरकारने पहिल्यांदा नीट डोकावून पाहिलं. त्याआधी खोली ही घरमालक आणि भाडेकरू यांच्यातली बाब होती. प्लेगने ती सरकारी बाब केली. पथकं घराघरांत शिरू लागली. भिंतींना चुना मारला, पाण्याचे फवारे सोडले. ऊन आत यावं म्हणून छपराची कौलं काढली. जी घरं राहण्यालायक नाहीत असं ठरलं, त्यांच्यावर तीन इंग्रजी अक्षरांचा शिक्का बसला. अर्थ सरळ होता: माणसाच्या वस्तीस अयोग्य.

हे आरोग्यासाठी आवश्यक नव्हतं असं मी म्हणणार नाही. माणसं हजारोंनी मरत होती. पण घराच्या आत शिरण्याची एक रीत असते. मार्च १८९८ मध्ये मदनपुऱ्यात उत्तरेतून येऊन स्थायिक झालेल्या मुस्लीम विणकरांच्या वस्तीत प्लेगचं पथक आलं. एका आजारी मुलीला तपासण्यावरून वाद झाला. परक्या पुरुषाने मुलीला हात लावू नये, एवढंच घरच्यांचं म्हणणं होतं. त्यातून दंगल उसळली, गोळीबार झाला, माणसं मेली. या घटनेवर लिहिणारे बरेचदा ‘धर्मभोळ्या विणकरांचा विरोध’ एवढं म्हणून पुढे जातात. मला तिथे खोलीचा नकाशा दिसतो. एकच खोली, त्यात माग, त्यातच चूल, त्यातच आजारी मुलगी. पथकाला बसवायला बाहेरची खोली नाही, मुलीला न्यायला आतली खोली नाही. ज्यांच्याकडे दिवाणखाना होता त्यांना परदा राखणं सोपं होतं.

१८९८ मध्येच बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. गजबजलेल्या वस्त्यांतून रुंद रस्ते काढायचे, समुद्राची हवा शहरात आणायची, असा विचार. प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड त्यातूनच आले. ट्रस्टने सुरुवातीला जितकी घरं पाडली तितकी बांधली नाहीत, त्यामुळे उठवलेली माणसं शेजारच्या गल्लीत आणखी दाटीने राहायला गेली. पुढे ट्रस्टने स्वतःच्या चाळी बांधल्या. आग्रीपाडा, मांडवी कोळीवाडा, इमामवाडा, परळ. त्यांना आजही लोक बीआयटी चाळी म्हणतात.

ट्रस्टचे एक अधिकारी जे. पी. ऑर यांनी प्रकाशासाठी एक नियम मांडला होता, साडेत्रेसष्ट अंशांचा. ऐकायला विचित्र वाटतो, पण हिशोब सोपा आहे. समोरची भिंत जितकी उंच, तिच्या निम्मी तरी मोकळी जागा मध्ये सोडा. चाळीस फुटांची भिंत असेल तर वीस फुटांची गल्ली. मग तळमजल्याच्या खिडकीतूनही आभाळाचा तुकडा दिसतो. हा नियम वाचल्यावर मी आमच्या खोलीच्या खिडकीशी उभी राहिले. समोरची इमारत चार मजल्यांची आणि मध्ये सात-आठ फुटांचं अंतर. आमची इमारत ट्रस्टची नाही, खाजगी मालकाची आहे, आणि त्या मालकाला अंशांशी काही देणंघेणं नव्हतं. आमच्याकडे दुपारी बारालाही दिवा लागायचा.

बीआयटीनंतर आल्या बीडीडी चाळी. १९२० साली गव्हर्नर जॉर्ज लॉईड यांच्या काळात डेव्हलपमेंट खातं उघडलं, कापसाच्या गाठीमागे एक रुपया कर बसवला आणि त्या पैशातून वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी इथे सिमेंट काँक्रीटच्या चाळी उभ्या केल्या. एकूण २०७. प्रत्येकीत तळमजला आणि वर तीन मजले, ऐंशी खोल्या, प्रत्येक खोली १६० चौरस फुटांची. नळ सामाईक, संडास सामाईक. सुरुवातीची काही वर्षं बऱ्याच खोल्या रिकाम्या पडून होत्या. १९३० नंतर सविनय कायदेभंगाच्या काळात वरळीतल्या काही चाळींचा चक्क तुरुंग केला गेला. चार भिंती, एक दार, एक खिडकी असं घर एका रात्रीत तुरुंग होऊ शकतं, कारण बांधणाऱ्याने त्यात घराचं असं काही ठेवलेलंच नसतं. घरपण राहणारा आणतो.

ते कसं आणतो, याची एक नोंद माझ्या मनातून जात नाही. १९२२ च्या सुमारास डॉ. बार्न्स नावाच्या एका महिला डॉक्टरांनी मुंबईच्या गिरणी कामगार बायकांची पाहणी केली. एका चाळीत दुसऱ्या मजल्यावर पंधरा बाय बाराच्या खोलीत त्यांना सहा कुटुंबं राहताना आढळली. जमिनीवर सहा वेगळ्या चुली होत्या. मुलंमाणसं मिळून तीस जण. आणि छताला बांबू टांगलेले होते. रात्री त्या बांबूंवर कपडे आणि गोणपाटं टाकून प्रत्येक कुटुंबाची जागा वेगळी केली जाई. अहवालात ही नोंद दाटीचा पुरावा म्हणून येते. मी ती वेगळी वाचते. कुणीतरी बांबू आणला, उंची ठरवली, सहा भागांची वाटणी केली, भांडणं झाली असतील ती मिटवली, सकाळी गोणपाट गुंडाळून ठेवायचं हे ठरवलं. आजच्या भाषेत याला इंटिरियर डिझाइन म्हणतात आणि त्याचे पैसे घेतात.

डॉ. आंबेडकरांचं विद्यार्थीपणही अशाच एका खोलीत गेलं. धनंजय कीर यांनी लिहिलं आहे की परळच्या चाळीतल्या त्या एका खोलीत सामान, चूल, धूर आणि माणसं एकत्रच होती. जात्याशी डोकं ठेवून मुलगा झोपे, जवळ बकरी असे, आणि वडील त्याला रात्री दोनला उठवत. मग काच नसलेल्या रॉकेलच्या दिव्यात अभ्यास. नंतर पोयबावाडीच्या बीआयटी चाळीत ते १९१२ ते १९३४ अशी बावीस वर्षं राहिले, तिथे त्यांच्याकडे दोन खोल्या होत्या. रात्री दोनची वेळ मला महत्त्वाची वाटते. खोलीला भिंती नव्हत्या, म्हणून रामजी सुभेदारांनी वेळेची भिंत घातली. त्या तासाला ती खोली अभ्यासिका होती.

आता आमची खोली. दहा बाय बारा, छत साडेदहा फुटांवर. दार पूर्वेला, ते गॅलरीत उघडतं. खिडकी पश्चिमेला. लाकडी तुळया, फळ्यांचं तक्तपोशी छत, खाली शहाबादी फरशी. संडास गॅलरीच्या टोकाला, सहा खोल्यांमध्ये दोन. आजोबांनी खोली घेतली तेव्हा आत मोरी नव्हती, ती त्यांनी नंतर काढली. बाहेरच्या भिंतीलाच काढावी लागणार, कारण सांडपाण्याचा नळ तिथे. म्हणजे पश्चिमेला. आणि मुंबईहून किब्ला पश्चिमेलाच, किंचित उत्तरेकडे कललेला. नमाजला उभं राहिलं की समोर मोरी येणार! दादी याला तयार होईना. शेवटी मोरी दक्षिणेकडच्या कोपऱ्यात सरकवली, तीन फुटांत बसवली, कमरेएवढा कठडा घातला, आणि तिला लागूनच ओटा. उरलेल्या सात फुटांत खिडकीसमोर तीन जायनमाज शेजारी शेजारी मावत. रमजानात तीन जण एका सफेत, बाकीचे मशिदीत.

झोपायची मांडणीही दिशेनेच ठरलेली होती. पश्चिमेकडे पाय करायचे नाहीत. म्हणून सगळे उत्तरेकडे डोकं करून ओळीने झोपायचे, उजव्या कुशीवर वळलं की तोंड किब्ल्याकडे. आमच्या उत्तरेच्या भिंतीपलीकडे सावंतवाडीकडचं एक हिंदू कुटुंब होतं. त्यांच्याकडे उत्तरेला डोकं करणं अशुभ, कारण तसं फक्त प्रेताला ठेवतात. ते दक्षिणेकडे डोकं करून झोपत. म्हणजे एकाच भिंतीच्या दोन बाजूंना, नऊ इंच विटांच्या अंतरावर, आमची आणि त्यांची डोकी असायची. दोघांचे नियम अगदी उलटे, आणि दोघांची उशी एकाच भिंतीला. रात्री त्यांच्या आजीचा खोकला वाढला की दादी भिंतीवर दोनदा टकटक करायची. पलीकडून एक टकटक आली की ठीक आहे. आली नाही तर दादी उठून जायची.

खोलीत पलंग एकच, लोखंडी, चारही पायांखाली दोन-दोन विटा. विटांमुळे खाली पत्र्याच्या ट्रंका सरकत. बाकी सगळं गुंडाळायचं किंवा टांगायचं. सकाळी गाद्या गुंडाळल्या की बैठक. दुपारी दस्तरखान अंथरला की जेवणघर. तो उचलला की अम्मीचं शिवणयंत्र पुढे यायचं. संध्याकाळी आम्ही मुलं वह्या घेऊन बसलो की शाळा. एकाच फरशीला दिवसभरात पाच नावं, आणि कुणी चुकीच्या वेळी चुकीची गोष्ट पसरली तर दादीचा ओरडा. सामान थोडं होतं असं आता लोक कौतुकाने म्हणतात, जणू ती साधेपणाची आवड होती. आवड नव्हती. दुसरी खुर्ची घेतली असती तर ती डोक्यावर घेऊन बसावं लागलं असतं.

भिंतीत दोन कोनाडे होते. त्यांना घरात ‘ताक’ म्हणायचे. पहिलीत असताना मराठीच्या बाईंनी ‘ताक’ म्हणजे काय विचारलं, मी म्हणाले, ज्यात कुराण ठेवतात ते. वर्ग हसला. बाईंना उर्दूतला ताक ठाऊक नव्हता आणि मला प्यायचं ताक ठाऊक होतं, पण ते आमच्या घरी ‘छास’ होतं. आज माझ्या वर्गात मी हे दोन्ही ताक शेजारी शेजारी फळ्यावर लिहिते. असो. वरच्या ताकात कुराण, खालच्यात दिवा, आगपेटी आणि भाड्याच्या पावत्या.

खरी कमाल पोटमाळ्याची. साडेदहा फुटांच्या उंचीत साडेसहा फुटांवर आडव्या तुळया टाकून दाराकडच्या अर्ध्या खोलीवर फळ्या ठोकलेल्या. जाडी वजा जाता वर पावणेचार फूट उरत. उभं राहता येत नाही, गुडघ्यांवर चालायचं. चढायला लाकडी शिडी. मुंबईत हजारो खोल्यांत असे पोटमाळे आहेत, बहुतेक कुठल्याच मंजूर नकाशात नाहीत. घरात मुलं वाढली, जमीन वाढली नाही, म्हणून लोक वर गेले.

आमच्याकडे पोटमाळा बायकांचा होता. परके पुरुष आले की अम्मी आणि फुफी शिडीने वर जात, आणि माळ्याच्या कडेला बांधलेली जुनी साडी सोडून देत. खालचं सगळं ऐकू यायचं, थोडं दिसायचंही. मदनपुऱ्यातल्या त्या विणकराकडे जी आतली खोली नव्हती, ती आमच्या घराने हवेत तयार केली होती. माझं स्वतःचं परद्याबद्दल मत वेगळं आहे, ते मी इतरत्र लिहिलं आहे. पण त्या माळ्यावर फक्त परदा नव्हता. फुफीने मॅट्रिकचा अभ्यास तिथेच केला, पोटावर पालथं झोपून, चाळीसच्या बल्बखाली, उन्हाळ्यात छताच्या गरमीत. खाली आजोबांचे मित्र आखाती बंदरांच्या गप्पा मारत असताना वर भूमितीची प्रमेयं चालू असायची. आमच्या घरातली पहिली शिकलेली बाई त्या पावणेचार फुटांत तयार झाली. बीएडला असताना मीही तिथेच पाठ-टाचणं काढली, आणि तिच्यासारखीच पाठ दुखवून घेतली.

या सगळ्या खटपटीला कायद्याचीही एक बाजू आहे. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने मुंबईतली जुनी भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. त्यातून पागडीची पद्धत फोफावली. भाडं इतकं कमी की मालकाला दुरुस्ती परवडेना, आणि भाडेकरूला जागा सोडणं परवडेना. परिणाम प्रत्येक जुन्या इमारतीत दिसतो. जिना तुटलेला, तुळयांना बांबूचे टेकू, बाहेर पिंपळ उगवलेला. आणि दार उघडलं की आत चकचकीत टाइल्स, ग्रॅनाइटचा ओटा, पीओपीचं छत. लोकांनी जे आपलं होतं तेवढंच सांभाळलं. पण टाइल्स, ओटे, पाण्याच्या टाक्या, प्रत्येक मजल्यावरचे माळे, हे सगळं वजन शेवटी त्याच शंभर वर्षांच्या तुळयांवर पडतं. ३१ ऑगस्ट २०१७ ला पाकमोडिया स्ट्रीटवरची हुसैनी इमारत कोसळली, तीसहून अधिक माणसं गेली. २०१९ च्या जुलैत डोंगरीतच दुसरी इमारत पडली. म्हणून ‘जुन्या चाळी जपा’ असं म्हणणाऱ्यांत मी नाही. पावसाळ्यात रात्री तुळई करकरली की आमचं अख्खं घर जागं होऊन छताकडे बघत बसायचं. पाडायला हव्यात, लवकर पाडायला हव्यात.

आणि ते होतंही आहे. भेंडी बाजारात साडेसोळा एकरांवरच्या सुमारे अडीचशे इमारतींच्या जागी नवे मनोरे उभे राहत आहेत. वरळीच्या बीडीडी चाळींतल्या पहिल्या काहीशे कुटुंबांना २०२५ मध्ये ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. १६० वरून ५००, आणि घरात स्वतःचा संडास. ज्यांनी गॅलरीच्या टोकाला बादली घेऊन रांग लावली आहे, त्यांनाच त्याचं मोल कळेल.

माझी तक्रार वेगळी आहे. या व्यवहारात घर कुणाचं, हे भाडेपावती सांगते. आमच्या पावतीवर आधी आजोबांचं नाव होतं, मग अब्बांचं, आता भावाचं. वडिलोपार्जित शेताच्या तुकड्यात मुलीचा हिस्सा किती, हे आमच्यात मौलवींना विचारायला लोक जातात. मुलाच्या निम्मा, पण निदान हिस्सा आहे. भाड्याची खोली मालकीची नसते, त्यामुळे तो प्रश्नच कुणी काढत नाही. भाडेकरू वारला की भाडेहक्क त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयाकडे जातो. कायद्यात ‘मुलगा’ असं लिहिलेलं नाही, पण प्रत्यक्षात मुली लग्न होऊन गेलेल्या असतात आणि विधवा आई मुलाचं नाव सांगते. आजोबा समुद्रावर असताना ज्या दादीने ती खोली चालवली, मोरीची जागा ठरवली, माळ्याच्या फळ्या चोर बाजारातून घासाघीस करून आणल्या, तिचं नाव चाळीस वर्षांच्या पावत्यांवर एकदाही आलेलं नाही. फुफीचं येण्याचा प्रश्नच नव्हता. भाऊ भला माणूस आहे, नव्या घरात माझं आणि फुफीचं स्वागतच करेल. पण स्वागत पाहुण्याचं होतं.

मागच्या महिन्यात मोजणीला एक मुलगा आला. मुद्दाम मीही गेले होते. विशीतला असेल, हातात लेझरचं यंत्र, बोलायला नम्र. भिंतीला यंत्र लावलं, लाल ठिपका पलीकडे उमटला, आकडा आला. लांबी, रुंदी, मोरी धरून. एकशेवीस चौरस फूट. मी म्हटलं, वर माळा आहे. त्याने वर पाहिलं, म्हणाला, “मॅडम, तो कार्पेटमध्ये धरत नाहीत, फॉर्ममध्ये त्याचा रकाना नाही.” बरोबरच होतं त्याचं. सही घेऊन तो पुढच्या खोलीत गेला.

फुफी खाली पलंगावर बसली होती. आता शिडी चढणं तिला जमत नाही. मी शिवणयंत्राच्या खणातून अम्मीची टेप काढली, वर गेले आणि मापं मोठ्याने सांगितली. फुफीने ती एका जुन्या भाडेपावतीच्या मागे लिहून घेतली, उर्दूत. लांबी दहा फूट. रुंदी सहा फूट एक इंच. उंची पावणेचार, पण खिडकीकडच्या टोकाला, जिथे तुळई खचली आहे तिथे, साडेतीन.